कानानं धरलेला नेम

शुक्रवार पेठ, सोलापूर
१० डिसेंबर १९७४

प्रिय कुंडलिकराव यांस,
शरणु शरणार्थ.

तुमच्या रानातला एक तितर मला खरोखर कितीला पडला, याचा हिशोब आज कारखान्यात बसून मांडला. डाव्या भुवईचे निम्मे केस, हे पहिले. बंदुकीची टोपी फुटली तेव्हा ठिणगी उडाली ती नेमकी तिथे. दुसरा, एक बरा पांढरा सदरा. छातीवर दारूचा काळा ओघळ आलाय. दानम्माने तो सोड्यात दोनदा उकळला, पण डाग हलायला तयार नाही. तिसरा खर्च दानम्माचाच. तिने सदरा नाकाला लावला, माझ्याकडे पाहिले आणि तेव्हापासून ती फक्त 'जेवायला वाढलंय' एवढेच बोलते. मी सांगितले, मागाच्या मोटारीचे तेल जळाले. सोळा माग झाले माझे, पण एकाही मोटारीचा असा वास आजवर आला नाही, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक. रेल्वेचे तिकीट मी धरतच नाही.

आणि एवढे देऊनही सौदा स्वस्तात झाला असे म्हणतो.

आठवते का, गिरणीत आपण दोघे पोरे शेजारी शेजारी सुताच्या कांड्या भरत होतो, तेव्हा तुम्ही सासऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी सांगायचात आणि मी म्हणायचो, एक दिवस मलाही एक बार काढू द्या. तुम्ही कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर झालात, मी दोन भंगार माग घेऊन धंद्यात पडलो, आणि तो बार सव्वीस वर्षे राहून गेला. तो शेवटी निघाला. आमच्या घराण्यात लिंग गळ्यात आल्यापासून कोणी मुंगी मारली नसेल. पहिला बार माझा आणि पहिल्याच बाराला तितर.

पण खरी गंमत नेमाची. तितर मला दिसलाच नव्हता. धुके होते, समोर नुसती बाभळ. तुम्ही नळीत दारू ओतली, माझ्याच कारखान्यातल्या सुताच्या गुंत्याचा बोळा गजाने ठासला, घोडा ओढून बंदूक हातात दिली आणि कुजबुजलात, 'आवाज कुटनं येतो ते ऐका.' आणि मी ऐकले. वीस वर्षे मागांच्या खडखडाटात बसलेला माणूस मी. सोळांतल्या एकाचा धोटा अडखळला तर जेवणावरून उठून तोच माग बंद करतो. तो तितर बोलला, मी कान टवकारले, आणि आवाजाच्या रोखाने नळी फिरवून चाप ओढला. डोळ्यांनी नेम धरणारे पुष्कळ असतील. कानाने धरणारा सोलापूर जिल्ह्यात दुसरा दाखवा.

एक नवल वाटले. मी ऐकून होतो की ठासणीची बंदूक खांदा सोलून काढते. मला तर कोणी पाठीवर थाप मारावी तेवढेच जाणवले. बारही मऊ वाजला, उशी आपटल्यासारखा. इतकी वर्षे गाठी उचलून खांदा तयार झालाय, दुसरे काय. तुम्ही धुरात पळालात आणि पंच्यात गुंडाळलेले ते घेऊन आलात, तेव्हा मी पंचा उलगडला नाही. बघवले नाही म्हणा. पण हाताला ऊब लागली आणि मी पंचा तसाच तुमच्याकडे परत दिला, खोटे कशाला बोलू. तुम्ही दिलेले पीस कारखान्यात टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. मथुरावहिनींनी मागून न्याहारी आणली ती मात्र अमृत. आमच्यासाठी वेगळी चूल मांडून केली म्हणालात, हे विसरणार नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये कानटोपी घातलेले एक गृहस्थ शेजारी होते. त्यांना सोलापूर येईपर्यंत सगळी हकिकत सांगितली. तोंड उघडे टाकून ऐकत होते. पुढे अक्कलकोट रोडला जाणार होते. नाव विचारायचे राहिले.

तुमच्या ओटीवर रिकामा पिंजरा टांगलाय. त्यात पोपट पाळा, घराला शोभा येईल.

तुमचा,
गुरुसिद्धप्पा


कुर्डुवाडी
१९ डिसेंबर १९७४

गुरुअण्णांस कुंडलिकचा राम राम.

पत्र पावलं. मथुरेला मोठ्यांदा वाचून दाखवलं. ती मधीच उठून चुलीकडं गेली. धूर डोळ्यात गेला म्हणली.

भुवई येईल परत. सदऱ्याचं वाईट वाटलं. खांद्याचं म्हणाल तर बोळा जरा ढिला बसला असंल. नवख्या माणसाला आमी जास्त ठासून देत न्हाय. आमच्या बंदुकीची नळी तरी केवढी, करंगळी जेमतेम जाती. ती काय हत्ती मारायची न्हाय. परवाना बी पीक राखायचाच हाय, पाखरं उठवायला आवाज करायचा तेवढाच.

म्हणूनशान सांगतो, अण्णा, तितराची गोष्ट आपल्या दोघांत ऱ्हाऊ द्या. गाडीतल्या माणसाला कशापायी सांगितली? तुमच्यात चालत न्हाय, पोरगी लग्नाला आलीया. ते पीस बी काचेखालनं काढा.

मथुरा इचारती, महानंदाचं कुटं जमतंय का? हुरड्याला पोरीला आणि दानम्मावैनीला घिऊन या. बंदूक आडगळीत ठिवतो.

तुमचा,
कुंडलिक जाधव

ता. क. पोपटाचं बघू.


शुक्रवार पेठ, सोलापूर
६ जानेवारी १९७५

प्रिय कुंडलिकराव,
शरणु शरणार्थ.

तुमच्या तोंडात साखर पडो. महानंदाला अक्कलकोटचे स्थळ आले. मुलगा विरुपाक्ष, बँकेत आहे, हसतो कमी पण ऐकतो नीट, आणि मला ऐकणारा माणूस आवडतो. त्याचे वडील चनबसप्पा, भुसार दुकान, घर कडक. कांदा-लसूणसुद्धा सोमवारी बंद. काल येऊन पोरगी पाहून गेले. महानंदाने न विचारता त्याला दुसऱ्यांदा चहा दिला, यावरून काय ते समजा. दानम्माने मला सांगितले, 'तिला हा पसंत आहे, आता तुम्ही जास्त बोलू नका.' महिनाभरात ती माझ्याशी एवढे मोठे वाक्य पहिल्यांदाच बोलली.

आणि मी बोललो नाही. मालाचे भाव, ऊस, पाऊस, एवढेच. चनबसप्पा निघताना म्हणाले, आमच्याकडे मुलाच्या मामाला विचारल्याशिवाय सुपारी फुटत नाही. पुढच्या आठवड्यात मामा रेवणसिद्ध येतील, मग बोलणी पुरी करू. मी म्हटले, जरूर.

पीस अजून काचेखालीच आहे. कारखान्यात कोण येतो बघायला? मागवाला एकदा म्हणाला, 'मालक, हे कशाचं?' मी म्हटले, 'कानाचं.' त्याला कळले नाही. तुम्हाला कळेल.

गुरुसिद्धप्पा


शुक्रवार पेठ, सोलापूर
१५ जानेवारी १९७५

कुंडलिकराव,

मामा येऊन गेले.

मी दाराशी उभा राहून 'या, या' म्हणतोय, आणि पायरीवर कानटोपी काढून कपाळावरची विभूती नीट करतोय कोण? पॅसेंजरमधला गृहस्थ. कानटोपीखाली विभूती असेल हे मला त्या दिवशी सुचले नाही. त्यांनी मला ओळखायला क्षण लागला नाही, भुवई अजून निम्मीच आहे.

चहा घेतला नाही. बसले, आणि चनबसप्पांना म्हणाले, 'भावजी, कानानं नेम धरणारे ते हेच.' मग मी गाडीत सांगितलेले एकूण एक वाक्य त्यांनी परत सांगितले. उशी आपटल्यासारखा आवाज, हाताला लागलेली ऊब, सगळे. एक अक्षर चुकले नाही. माझ्यासारखेच कान आहेत त्या माणसाला.

चनबसप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, 'गाडीत माणूस काहीही बोलतो, मी त्यावर जात नाही. येत्या सोमवारपासून तिसऱ्या सोमवारी आम्ही परत येऊ. तुम्ही लिंग हातावर घ्या आणि एकच सांगा, माझ्या हातून जीव गेला नाही. मग बाकी काही विचारणार नाही. नाहीतर आमच्या देवघरात जिच्या हाताची हळद वाहायची, ती सून अशा घरातून आणता येणार नाही.'

दानम्माला आता सगळे कळले. म्हणजे तिला आधीच कळले होते, आता फक्त मी सांगितले. ती म्हणाली, 'साकु.' पुरे, एवढेच.  महानंदाने कपबशा विसळल्या आणि नको तेवढा वेळ विसळल्या.

कुंडलिकराव, धंद्यात मी सूत ओले असताना कोरडे म्हणून विकलेले नाही असे नाही. पण लिंग हातावर घेऊन मी खोटे बोलणार नाही. त्या दिवशी बांधावर बसून गळ्यातली लिंगाची चांदीची करडगी मी सदऱ्याच्या आतून पाठीवर सरकवली होती. वाटले, त्याला दिसायला नको. तेव्हापासून पूजेला बसलो की पाठच खाजते. जे झाले ते झाले आणि मी ते सांगणार. स्थळ जाईल. पोरीला कसे सांगू ते मात्र सुचत नाही.

गुरुसिद्धप्पा


पोस्टकार्ड
कुर्डुवाडी, १८ जानेवारी

गुरुअण्णांस राम राम. खुशाल शपथ घ्या. काय भ्यायचं कारण न्हाय. कार्डावर जास्त लिवत न्हाय, तुमचा पोष्टमन वाचतो.
कुंडलिक


शुक्रवार पेठ, सोलापूर
२१ जानेवारी १९७५

कुंडलिकराव,

तुमचे कार्ड मिळाले. पोस्टमनने वाचले असेलच. त्याने मला देताना 'घ्या खुशाल' म्हटले.

तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही आमच्यातले नाही, तरी सव्वीस वर्षांत माझ्या पंगतीला बसताना गळ्यातला हा धागा काय आहे ते तुम्ही कधी विसरला नाहीत. मी येणार म्हणून मथुरावहिनी वेगळी चूल मांडतात. आणि आता तुम्ही मला खोटी शपथ घ्या म्हणता, तीही पोस्टकार्डावर, जशी काही बी-बियाण्याची ऑर्डर.

पोरीचे भले व्हावे म्हणून लिहिलेत, हे कळते. पण उद्या तिच्या घरात काही बरेवाईट झाले तर मी रात्रभर ती शपथ मोजत बसेन. मी चनबसप्पांना दोन-चार दिवसांत कळवणार की येऊ नका. कळवून टाकले म्हणजे सुटलो.

तुमच्यावर राग नाही. पण हुरड्याला येणार नाही.

गु.


कुर्डुवाडी
२३ जानेवारी १९७५

गुरुअण्णा,

अक्कलकोटला पत्र टाकलं असंल तर मागनं तार करा आणि त्यास्नी बलवा. आदी हे वाचा. लिफाफा डिंकानं चिकटवलाय, तुमच्या पोष्टमनला जमणार न्हाय.

नळीत छर्रे नव्हते.

मी दारू ओतली, तुमच्या सुताचा बोळा ठासला, झालं. छर्ऱ्याची पिशवी माझ्या खिशातनं भाईर आलीच न्हाय. म्हणूनशान खांदा शाबूत ऱ्हायला आणि बार उशीवानी वाजला. पुढं छर्ऱ्याचा भार नसला की दारू नुसती फुसकन भडकती, दणका देत न्हाय. तुमी ते कानानं बरोब्बर ऐकलंत, अण्णा. निस्तं त्येचं श्रेय खांद्याला दिलंत.

का केलं ते सांगतो. मथुरा पहाटं आपल्यासंगं बांधापातूर आली होती, तुमी करडगी पाठीवर सरकवली ते तिनं बघितलं. ती मला बाजूला घिऊन म्हणली, 'आपुन खानारी माणसं, आपलं येगळं. पण ज्येला देवापासनं लपवावं लागतंय, ते त्येच्याकडनं करून घिऊ नका. आन् त्यास्नी नको बी म्हणू नका, सव्वीस वरसं वाट बघितलीया.' आता दोन्ही कसं जमवायचं? म्हणून नळीत आवाज तेवढा भरला.

पंच्यातलं म्हणाल तर ती भाकरी. मथुरेनं तव्यावरनं काढून आणलेली, वांग्याची भाजी पोटात घालून गुंडाळलेली. पीस वरनं खोचलं. तुमी पंचा उलगडणार न्हाय हे मला ठाऊक होतं; गिरणीत उंदीर मेला तरी तुमी पलीकडच्या दारानं जायचा. ऊब लागली ती भाकरीची. अर्ध्या तासानं ती तुमीच खाल्ली, दोन घेतल्या, आणि म्हणलात, कुंडलिकराव, अमृत हाय.

मी सांगणार नव्हतो. तुमी इतकं खुशीत गेलात, ती खुशी मोडावी कशापायी? पण आता पोरीचा प्रश्न हाय. तवा लिंग हातावर घ्या आणि खरं काय ते बोला. तुमच्या हातनं गेली ती एक भाकरी.

कुंडलिक


शुक्रवार पेठ, सोलापूर
५ फेब्रुवारी १९७५

प्रिय कुंडलिकराव आणि मथुरावहिनी,
शरणु शरणार्थ.

तुमचे पत्र आले तेव्हा मी अक्कलकोटचे पत्र खिशात घेऊन पेटीकडे निघालो होतो. पायरीवरच वाचले. मग आत जाऊन दानम्माला वाचून दाखवले. भाकरीपाशी आलो आणि ती हसायला लागली, ती पदर तोंडात कोंबून इतकी हसली की महानंदा धावत आली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले. अक्कलकोटचे पत्र तिथेच चुलीत गेले.

सोमवारी सगळे आले. मी लिंग हातावर घेतले आणि म्हटले, माझ्या हातून जीव गेलेला नाही. तिथेच थांबता आले असते. पण मामा रेवणसिद्ध समोर बसलेले, त्या माणसाला पॅसेंजरमध्ये मीच सगळे सांगितलेले. म्हणून म्हटले, ऐका आता पुढचे. आणि छर्रे, बोळा, पंचा, भाकरी, सगळे सांगितले. जो माणूस स्वतःच्या शिकारीची गोष्ट सांगतो, त्याला ती शिकार वांग्याची होती हे भरल्या घरात सांगणे किती जड जाते, ते करून बघा. मामांनी 'ऊब?' एवढेच विचारले. मी म्हटले, 'तव्याची.' मग त्यांनी चहा मागितला.

माझ्या मनात एक खडा उरला होता, तोही काढला. चनबसप्पांना म्हटले, नळी रिकामी होती हे मला ठाऊक नव्हते. मी मारायच्याच इराद्याने चाप ओढला होता.  ते म्हणाले, 'शपथ हाताची मागितली होती, मनाची नाही. मनातलं मोजायला लागलो तर अक्कलकोटात एक लग्न लागायचं नाही. पण ती करडगी पुन्हा पाठीवर जाऊ देऊ नका.' विरुपाक्ष तेव्हा पहिल्यांदा हसला. महानंदाने ते पाहिले, आणि मी तिला पाहताना पाहिले.

सुपारी फुटली. लग्न वैशाखात. तुम्ही दोघांनी आठ दिवस आधी यायचे आहे, आणि पंगतीत माझ्या उजव्या हाताला कुंडलिकराव, दानम्माच्या शेजारी वहिनी. वहिनी, तुमचे उपकार मी शब्दांत मांडायला गेलो तर दानम्मा पुन्हा 'साकु' म्हणेल. चार चादरी निवडून ठेवल्या आहेत, बिनचूक विणीच्या. त्या नाकारायच्या नाहीत.

पीस या पत्रात परत पाठवतो. कुठल्या तितराचे ते विचारत नाही.

मात्र, कुंडलिकराव, एक गोष्ट राहते आणि ती तुम्हीही नाकारू शकणार नाही. छर्रे नव्हते, मान्य. पंच्यात भाकरी, मान्य. पण समोरच्या बाभळीत तितर बोलला तो तर खरा होता. मी त्याला पाहिले नव्हते, आणि तरी धुक्यात बरोबर त्याच्याच रोखाने नळी धरली होती. छर्रे असते तर तो वाचला नसता. म्हणजे नेम माझा खराच. कानाने धरलेला, आणि बिनचूक. एवढे तरी माझ्याकडे राहू द्या.

गुरुसिद्धप्पा


कुर्डुवाडी
११ फेब्रुवारी १९७५

गुरुअण्णा आणि दानम्मावैनींस राम राम.

लई आनंद झाला. मथुरेनं आळीत साखर वाटली. आठ दिवस आदी येतो, बंदूक आणत न्हाय.

तुमचं नेमाचं मी तसंच ऱ्हाऊ देणार होतो. पण मथुरा ऐकत न्हाय, ती म्हणती पोरीच्या बापाला खरं काय ते सगळं कळू द्या, अर्धं नको. ती सांगती तसं लिवतो.

'अण्णा, त्या दिवशी रानात एकबी तितर बोलला न्हाय. थंडी लई होती. तुमी हिरमुसला म्हणून मी घरचा आणला. आमी ह्यो पिल्लू असल्यापासनं पाळलाय, रानातली पाखरं बलवायला. ओटीवरचा पिंजरा तुमास्नी रिकामा दिसला तो त्येचाच, तो तवा माझ्याजवळ बुट्टीत होता. पीस बी त्येचंच, रोज एक तरी गाळतो. नळीत काय न्हाय हे ठाऊक होतं, तरी नवख्या माणसाच्या बंदुकीपुढं आपलं पाखरू कोण ठिवल? म्हणून मी न्याहारी आणली तिथंच, बांधाच्या आडोशाला, बुट्टी मांडीवर घिऊन बसले. पुढं बाभळीमागं विहिरीची दगडी भिंत हाय, आवाज तिच्यावर आपटून फिरतो.'

तितर बरा हाय. पीस त्येच्या पिंजऱ्याला खोचलंय. आत्ता हे लिवताना बी बोलतोय.

आणि अण्णा, तो बांध तुमच्या पाठीमागं होता.

कुंडलिक